सेटवरून पटकथेकडे, पटकथेतून कादंबरीकडे: मुंबईत हा रस्ता कसा धरायचा

चित्रनगरीत रात्री पॅकअप झाल्यावर गेटपर्यंत चालत येताना एखादा असिस्टंट शेजारी येतो आणि हळूच म्हणतो, "ताई, मला खरं तर लिहायचंय." मी नऊ वर्षं सेटवर होते. आधी क्लॅप दिला, मग कंटिन्युटी (एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंत कपडे-वस्तू जुळतात ना, ते बघणं) सांभाळली, शेवटी चीफ एडी, म्हणजे मुख्य सहायक दिग्दर्शक झाले. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय आणि स्वतःही इतक्यांदा बोललेय, की त्याला नीट उत्तर देणं मला माझं काम वाटतं. आता मी पटकथा लिहिते, एक कादंबरी छापून आलीय, दुसरी चालू आहे. दिग्दर्शन, संकलन, कॅमेरा, आर्ट अशा कुठल्याही विभागात चार-दोन वर्षं काढून लेखनाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी हे सगळं क्रमाने मांडते आहे.

आधी घरभाड्याचा हिशेब

सेट सोडायची घाई करू नका. लेखनाचे पैसे उशिरा येतात आणि पहिल्या करारापर्यंत तर येतच नाहीत. तिघांनी मिळून घेतलेल्या वन बीएचकेचं भाडं मात्र एक तारखेला द्यावंच लागतं. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत सेटवरचं काम चालू ठेवा. जुन्या प्रॉडक्शनकडे पैसे अडकले असतील तर ते आत्ताच मागा. एकदा तुमचं सेटवर येणं-जाणं थांबलं की ती बाकी कुणी आठवण ठेवून देत नाही.

मुंबईत लिहायला सगळ्यात सोयीचा काळ पावसाळा. आउटडोअरची शेड्यूल्स कमी होतात, फोन जरा शांत असतो. जून ते सप्टेंबर लेखनाला द्यायचे आणि दिवाळीनंतर पुन्हा एखादं शेड्यूल घ्यायचं, असं मी तीन वर्षं केलं. जाहिरातींची दोन-तीन दिवसांची कामं मिळत असतील तर फारच उत्तम, कारण त्यांत डोकं महिनोन्‌महिने अडकून पडत नाही.

सेटवर जे शिकलात ते कागदावर काढा

तुम्ही रिकाम्या हाताने येत नाही आहात. सीनचं ब्रेकडाउन करताना जागा, वेळ, माणसं, प्रॉपर्टी (सीनमधल्या वस्तू), कपडे असे रकाने तुम्ही शेकडो वेळा भरलेत. कागदावरच्या एका ओळीचं सेटवर काय होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. घरी बसून पुस्तकं वाचून पटकथा शिकणाऱ्याकडे ही गोष्ट नसते.

ती वापरात कशी आणायची? तुम्ही काम केलेल्या एखाद्या सिनेमाची शूटिंग स्क्रिप्ट काढा आणि पूर्ण झालेला सिनेमा समोर लावा. स्क्रिप्टमधला प्रत्येक सीन पडद्यावर आला की नाही, आला तर किती उरला, याची पेन्सिलने खूण करत जा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा रात्र-रात्र जागून शूट केलेले वीसेक सीन सिनेमात नव्हतेच. ते बघितल्यावर एक गोष्ट लख्ख दिसली. संकलनात पडले होते ते बहुतेक दारातून आत येण्याचे, "बस ना, चहा घेतोस?" म्हणण्याचे, उठून निघण्याचे सीन. आणि प्रेक्षकाला आधीच कळलेली गोष्ट एक पात्र दुसऱ्याला सांगतंय असे. तेव्हापासून मी सीन शक्य तितका उशिरा सुरू करते आणि लवकर सोडते. शक्य असेल तर एडिटरच्या शेजारी चार दिवस गप्प बसून राहा. तिथे जे शिकाल ते वर्गात मिळणं कठीण.

सेटवरची एक सवय मात्र सोडावी लागेल, ती म्हणजे आधीच खर्च मोजण्याची. पावसाचा सीन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टँकर उभा राहतो, लग्न म्हटलं की शंभर ज्युनियर आर्टिस्ट आणि त्यांचं जेवण. माझी पहिली पटकथा अख्खी एका फ्लॅटमध्ये आणि दिवसाउजेडी घडत होती. वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, ही माणसं बाहेर का जात नाहीत? मला उत्तर देता आलं नाही, कारण बाहेर जाण्यापासून त्यांना गोष्टीने अडवलं नव्हतं, माझ्यातल्या एडीने अडवलं होतं. पहिला खर्डा लिहिताना त्या एडीला खोलीबाहेर बसवा. दुसऱ्या खर्ड्याला बोलवा, तेव्हा तिचा फार उपयोग होतो.

पहिली संहिता लहान हवी

दोन तासांच्या सिनेमाने सुरुवात करू नका. दहा-बारा मिनिटांची, दोन पात्रांची, एका दिवसात घडणारी संहिता लिहा. आत की बाहेर, कुठे, दिवस की रात्र ही सीनची ओळ, मग वर्तमानकाळात फक्त दिसणारं आणि ऐकू येणारं, मग संवाद. 'त्याला वाईट वाटतं' असं लिहिलंत तर कॅमेरामन काय टिपणार? वाईट वाटल्यावर तो काय करतो ते लिहा.

एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीतून आलाय. देवनागरीत तो जसाच्या तसा लागू पडत नाही, तेव्हा घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचण्याचा दुसरा फायदा म्हणजे जीभ जिथे अडखळते तो संवाद नटाच्या तोंडीही अडखळणार, हे तिथेच कळतं. भाषेचं म्हणाल तर मराठी निर्मात्याला देवनागरीत द्या. हिंदीच्या ऑफिसांत पुष्कळदा रोमन लिपीतले संवाद मागतात, म्हणून दोन्ही लिप्यांत टायपिंगचा हात बसवून घ्या.

शिकायची सोय आहे. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट-प्रशिक्षण संस्थेत पटकथालेखनाचा अभ्यासक्रम आहे, तिथले छोटे कोर्सही असतात, आणि एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) पटकथा लॅबसाठी लिहून झालेली संहिता पाठवता येते. पण प्रवेश मिळाला तरच लिहीन, असं ठरवू नका.

कथा, पटकथा, संवाद

आपल्याकडे श्रेयनामावलीत ही तीन कामं वेगळी लिहिली जातात आणि त्यांचे पैसेही वेगळे ठरतात. नवख्याला आत शिरायचं सोपं दार बहुतेक वेळा संवादांचं असतं, आणि तेही मालिकेचं. दैनंदिन मालिकेत कथालेखक पुढच्या काही भागांचा प्रवास ठरवतो, त्यातून वनलाइन (भागात काय-काय घडतं त्याची थोडक्यात मांडणी) निघते, पटकथालेखक ती सीनमध्ये मांडतो आणि संवादलेखक शेवटी बोलायला लावतो. चॅनेलच्या सूचना या प्रत्येक टप्प्यावर येतात. मानधन भागामागे ठरतं. भागांची बँक (आधी शूट करून ठेवलेले भाग) संपली की रात्री अकराला फोन येतो आणि सकाळी सातच्या शिफ्टला सीन सेटवर लागतो.

हे काम कमी प्रतीचं समजू नका. डेडलाइनला घाबरायचं नाही, हे मला मालिकेने शिकवलं. सासू, दीर, भाजीवाला, बिल्डर यांची बोलणी एकाच दिवशी वेगवेगळी लिहायची तालीम दुसरीकडे कुठे मिळणार? पण आत जातानाच मुदत ठरवा. मी दीड वर्ष म्हटलं होतं आणि दीड वर्षाने बाहेर पडले. त्या दिवसांतही सकाळचा एक तास स्वतःच्या लेखनाला ठेवला होता, नाहीतर महिन्याच्या पैशांची सवय लागून आपली गोष्ट मागेच राहते.

नोंदणी, नरेशन आणि करार

इथे सावकाश वाचा. मला जे सोसावं लागलं ते याच टप्प्यावर.

नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. कल्पना, विषय, कथानकाचा साचा यांवर कुणाची मालकी नाही, मालकी असते ती त्यांच्या मांडणीवर. म्हणून चहाच्या टपरीवर कल्पना ऐकवत फिरू नका. आठ-दहा पानांचा सविस्तर कथाविस्तार लिहा, त्यात पात्रं, वळणं, शेवट सगळं असू द्या. तो लिहून झाला त्या क्षणी कॉपीराइट तुमचा, नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर तारखेचा पुरावा लागतो. त्यासाठी अंधेरीच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सभासद व्हा. ती लेखकांची ट्रेड युनियन आहे, सभासदाला संहिता ऑनलाइन नोंदवता येते आणि तंटा झाल्यास तिची वादनिवारण समिती आहे. केंद्र सरकारच्या कॉपीराइट कार्यालयातही साहित्यकृतीची नोंद करता येते. त्या नोंदणीची फी ५०० रुपये आहे.

नरेशनला, म्हणजे निर्मात्याला गोष्ट ऐकवायला जाण्याआधी संहितेची पीडीएफ ईमेलने पाठवा. ऐकवून बाहेर पडल्यावर त्याच संध्याकाळी आणखी एक साधा ईमेल करा: आज अमुक वाजता तुमच्या ऑफिसात अमुक नावाची कथा ऐकवली, वेळ दिल्याबद्दल आभार. यात कुणाचा अपमान नाही. मी तो ईमेल केला नव्हता. एका निर्मात्याने माझी गोष्ट तीनदा ऐकली, बदल सुचवले, मी ते केले, आणि वर्षभराने तीच गोष्ट दुसऱ्याच्या नावावर उभी राहिली. माझ्याकडे दाखवायला फक्त फोनवरची संभाषणं होती. आजही त्या सिनेमाचं पोस्टर आठवलं की घशाशी येतं.

करारात काय बघायचं? पैसे टप्प्यांत हवेत: सही करताना, वनलाइन दिल्यावर, पहिल्या खर्ड्यावर, अंतिम खर्ड्यावर. 'सिनेमा फ्लोअरवर गेल्यावर' (म्हणजे शूटिंग सुरू झाल्यावर) असा टप्पा मोठ्या रकमेचा असेल तर ती रक्कम मिळेलच असं धरू नका. किती खर्डे याच पैशांत, तो आकडा लिहून घ्या. मधेच दुसरा लेखक आणला तर तुमचं श्रेय कुठे आणि कसं, तेही लिहून घ्या.

कायदा तुमच्या बाजूने बराच आहे, तो माहीत असू द्या. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याप्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच छापील करारांत 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे शब्द हमखास असतात. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत येतात, पण करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक मोठी गोष्ट दिली. सिनेमागृहातल्या प्रदर्शनाव्यतिरिक्त तुमचं लेखन इतर मार्गांनी वापरलं गेलं तर त्या रॉयल्टीतला वाटा सोडून देतो, असं निर्माता तुमच्याकडून लिहून घेऊ शकत नाही.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते कलम. पटकथेच्या करारात 'सर्व माध्यमांतील सर्व हक्क' असं लिहिलेलं असतं. त्या चार शब्दांत तुमची कादंबरीही जाते. सिनेमा झाला नाही आणि पाच वर्षांनी तुम्हाला त्याच गोष्टीवर पुस्तक लिहावंसं वाटलं, तर तुमच्याच पात्रांसाठी तुम्हाला परवानगी मागावी लागेल. सही करण्याआधी एक ओळ घालून घ्या: या कथेवर पुस्तकरूपाने लिहिण्याचे आणि प्रकाशित करण्याचे हक्क लेखकाकडे राहतील. नव्या लेखकासाठीही बरेच निर्माते हे मान्य करतात, कारण पुस्तकात त्यांना रस नसतो. पण मागितल्याशिवाय कुणी ती ओळ घालत नाही.

पैसे मिळताना १० टक्के टीडीएस कापला जाईल. तो तुमच्या पॅनवर खरोखर जमा झालाय का, हे दर तिमाहीला तपासा.

पटकथेतून कादंबरीकडे

दोन-तीन पटकथा लिहून झाल्या आणि त्यातली एखादी पडून राहिली, की मनात येतं, हिचीच कादंबरी करू या. करा, पण सीनच्या ओळी पुसून वाक्यं जोडत जाऊ नका. मी तसं केलं होतं आणि साठ पानांनंतर सगळं कोरडं लागू लागलं. कुठे अडलं ते एका उदाहरणाने दाखवते.

दादरची जुनी इमारत रिडेव्हलपमेंटला गेलीय. सामान गोण्यांत भरणं चालू आहे. पटकथेत मी हे असं लिहिलं होतं:

*आत. स्वयंपाकघर. दुपार. माळ्यावरून नातू पितळी कळशी खाली देतो. आजी ती पदराने पुसते. कळशीच्या गळ्याशी कोरलेली अक्षरं: 'कु. द्वारका'.*
*नातू: ही कोण?*
*आजी (कळशी गोणीत ठेवत): मी.*

पटकथेत हे पुरेसं आहे. नटी चांगली असेल तर त्या 'मी'मध्ये थिएटर गप्प होईल. कॅमेऱ्याला अक्षरं दिसतात, चेहरा दिसतो, तेवढ्यावर काम होतं.

कादंबरीत याच जागी मी थांबले आणि स्वतःला विचारलं, कॅमेऱ्याला इथे काय दिसत नाही? ताटात पसरलेल्या तांदळांत नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं ती दुपार दिसत नाही. त्या नावाचं पहिलं अक्षर तिला वाचता आलं, पण पुढचं कुणाच्या तरी हाताने विस्कटलं, ते दिसत नाही. 'द्वारके' अशी हाक मारणारा शेवटचा माणूस म्हणजे तिचा भाऊ, आणि तो गेल्यावर ते नाव फक्त पितळेवर उरलं, हे दिसत नाही. कळशी दर दिवाळीला चिंचेने घासताना अक्षरांच्या खाचांतली चिंच ती टाचणीने काढत असे आणि घरात कुणी विचारलं नाही की ती इतका वेळ काय करतेय. मग तीन ओळींच्या सीनची अकरा पानं झाली, आणि नातवाचा प्रश्न त्यात शेवटच्या पानावर आला.

तेव्हा पडून राहिलेली पटकथा समोर ठेवा आणि प्रत्येक सीनच्या शेजारी लिहा, इथे कॅमेऱ्याला काय दिसत नाही. ज्या सीनसमोर लिहायला काहीच सुचणार नाही, तो कादंबरीत घेऊ नका. ज्यासमोर पान भरेल तिथून सुरुवात करा, मग तो सीन मधला असला तरी चालेल.

दुसरा प्रश्न सांगणाऱ्याचा. पटकथेत सांगणारा नसतो, कादंबरीत असतोच. गोष्ट नातू सांगतोय की आजी, की सगळ्यांना ओळखणारा कुणी तिसरा? मी पन्नास पानं तिघांच्याही तोंडून लिहून बघितली, मग ठरवलं. यात गेलेले दोन महिने वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही.

उलटा प्रवास अभ्यासायचा असेल तर १९७९ चा 'सिंहासन' बघा. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली. दोन्ही पुस्तकं वाचा, मग सिनेमा लावा, आणि काय मागे राहिलं याची यादी करा. ती यादी म्हणजे कादंबरीचं स्वतःचं सामान आहे. पुस्तकं विकत घ्यायला परवडत नसतील तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. १८९८ पासूनची संस्था. तिथे बसून वाचताना आजूबाजूला जी शांतता मिळते तीही आपल्या खोलीत मिळत नाही.

रोज तीनशे शब्द ठेवा. लोकलमध्ये विरारपर्यंत बसायला मिळालं तर फोनवरही होतात. दोनशे पानांच्या मराठी कादंबरीला साधारण पन्नास-साठ हजार शब्द लागतात, म्हणजे सुट्ट्या-खाड्यांसह आठ-नऊ महिने. सेटवर तीस दिवसांत सिनेमा उरकलेल्या माणसाला हा काळ फार लांब वाटतो, शिवाय इथे कॉलशीट (कुणी किती वाजता सेटवर यायचं तो कागद) काढणारं कुणी नसतं. आठवड्यातून एक दिवस एका ठरलेल्या माणसाला पानं वाचून दाखवायची, एवढं बंधन घालून घ्या.

हस्तलिखित कुठे न्यायचं

कादंबरी चालू असतानाच एखादी कथा दिवाळी अंकाला पाठवा. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने सुरू केलेली ही परंपरा अजून चालू आहे आणि नव्या नावाला वाचक मिळवून देणारी इतकी चांगली जागा दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला वाटत नाही. अंकांची जुळवाजुळव पावसाळ्याच्या सुरुवातीलाच होते, तेव्हा गणपतीत पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षावर जाते.

प्रकाशक निवडताना त्यांनी मागच्या दोन-तीन वर्षांत काढलेल्या कादंबऱ्या चाळा. मुंबईत मौज, पॉप्युलर, ग्रंथाली, मॅजेस्टिक आहेत, पुण्यात राजहंस, मेहता आणि आणखी कितीतरी. दादरच्या पुस्तकांच्या दुकानात तासभर उभं राहिलात तरी कोण काय छापतं याचा अंदाज येतो. सोबत एक पानाचं पत्र, दोन पानांचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं द्या. नरेशनची सवय इथे कामाची नाही, प्रकाशकाला गोष्ट ऐकायची नसते, गद्य वाचायचं असतं. उत्तराला काही महिने लागतात. नवीन लेखकाकडून छपाईचे पैसे मागणारे भेटतील, त्यांच्याकडे घाईने जाऊ नका. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना अजून पुस्तक न आलेल्या लेखकांसाठीच आहे, मंडळाचं कार्यालय प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिराच्या इमारतीत आहे, तिची जाहिरात निघाली की अर्ज करा. स्वतःच छापायचं ठरवलंत तर भारतात आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) मोफत मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

रॉयल्टी साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते. पहिली आवृत्ती हजार किंवा त्याहून कमी प्रतींची. गुणाकार करून बघा आणि घरखर्च पटकथेवरच चालणार हे धरून चाला. करार आवृत्तीपुरता करा. ऑडिओ, अनुवाद आणि मुख्य म्हणजे चित्रपट-मालिकेचे हक्क प्रकाशकाकडे आपोआप जाऊ देऊ नका, ते वेगळे लिहून स्वतःकडे ठेवा.

कारण पुस्तक आल्यावर वर्षा-दोन वर्षांत कधीतरी वर्सोव्याच्या एखाद्या निर्मात्याच्या ऑफिसातून फोन येईल: कादंबरी आवडली, हक्क घ्यायचेत. तिथे थेट विक्री करण्याआधी ऑप्शनबद्दल बोला. ठरावीक मुदतीसाठी, समजा बारा किंवा अठरा महिने, ठरावीक रक्कम घेऊन हक्क राखून ठेवायचे, सिनेमा उभा राहिला तर ठरलेली पूर्ण किंमत, नाही राहिला तर हक्क परत तुमच्याकडे आणि घेतलेली रक्कमही तुमचीच. आणि त्याच बोलण्यात सांगा, पटकथेचा पहिला खर्डा मी लिहीन, त्याचं मानधन वेगळं.